टाचेचा इतिहास: ‘दूधवाल्याचा गिअर’ या हेटाळणीला उत्तर

१/२४
मोटारसायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्या तरुणांच्या कट्ट्यावर एक निकाल आधीच लागलेला असतो. गिअरचा लिव्हर एकाच टोकाचा असेल, म्हणजे तो चवड्यानेच दाबावा आणि चवड्यानेच उचलावा लागत असेल, तर ती गाडी ‘खऱ्या’ रायडरची. त्याच लिव्हरला मागे टाचेसाठी दुसरे टोक असेल, तर ती दूधवाल्याची. नवी गाडी दारात आली की ते मागचे टोक आधी कापून टाका, असा सल्ला मोठ्या आत्मविश्वासाने दिला जातो.

२/२४
कोणाला काय आवडावे, हा वादाचा विषय नव्हे. वाद आहे तो त्या आवडीला जोडल्या जाणाऱ्या इतिहासाशी. हा ‘इतिहास’ तीन विधानांवर उभा असतो. चवड्याचा गिअर ही मूळ पद्धत आहे. टाचेची सोय नंतर स्वस्त गाड्यांसाठी काढली गेली. आणि जगभरातील लांब पल्ल्याचे अनुभवी चालक टाच वापरत नाहीत. तिन्ही विधाने चुकीची आहेत, आणि ती का चुकीची आहेत हे पाहिले तर त्यामागचा तुच्छतेचा स्वर कोठून येतो तेही उलगडते.

३/२४
आधी यंत्र समजून घ्यावे. दुहेरी लिव्हर म्हणजे मध्ये टेकू असलेली साधी तरफ, लहान मुलांच्या सी-सॉसारखी. पुढचे टोक खाली गेले की मागचे वर येते. मागचे खाली दाबले की पुढचे वर उचलले जाते. म्हणजेच टाचेने दाबणे आणि चवड्याने उचलणे या दोन क्रियांचा गिअरपेटीतील परिणाम तंतोतंत एकच. आत फिरणाऱ्या दांड्याला पायाचा कोणता भाग हलला हे कळत नाही. ज्याला टाच नको, तो दुहेरी लिव्हरही केवळ चवड्याने चालवू शकतो. टाचेमुळे गाडी ‘कमी’ कशी होते, या प्रश्नाला यंत्रशास्त्रात उत्तर नाही.

४/२४
आता मूळ पद्धतीविषयी. सुरुवातीच्या अनेक मोटारसायकलींना गिअरपेटीच नव्हती. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत चामड्याचा पट्टा जाई आणि चढ आला की चालक पायडल मारी किंवा खाली उतरून धावे. पुढे गिअर आले तेव्हा बहुतेक गाड्यांवर ते हाताने बदलले जात. पेट्रोलच्या टाकीच्या कडेला एक दांडा असे. ‘मूळ’ पद्धत शोधायचीच तर ती हाताची निघते. चवड्याचा तिथे पत्ताही नाही.

५/२४
पायाचा गिअर लवकर आणणाऱ्यांत इंग्लंडमधील आल्फ्रेड अँगस स्कॉट या अभियंत्याचे नाव येते. १९०८ च्या सुमारास बाजारात आलेल्या त्याच्या दोन-स्ट्रोक गाडीला दोन गिअर होते आणि ते झुलत्या पायपट्टीने बदलले जात. पट्टी एका बाजूला दाबली की एक गिअर, दुसऱ्या बाजूला दाबली की दुसरा, मध्ये न्यूट्रल. पुढचे टोक चवड्याखाली, मागचे टाचेखाली. ही गाडी ‘स्वस्त’ किंवा ‘कामचलाऊ’ होती असे कोणी म्हणू नये; आइल ऑफ मॅनवरील सीनियर टीटी ही शर्यत स्कॉटने १९१२ आणि १९१३ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली.

६/२४
अमेरिकेत वाट वेगळी होती. हार्ले-डेव्हिडसनसारख्या गाड्यांवर गिअर हातात आणि क्लच पायात असे. तो क्लचही झुलता: चवड्याने पुढे दाबला की जुळे, टाचेने मागे दाबला की सुटे, आणि ठेवला तिथे राही. म्हणजे अमेरिकी चालकाची टाच गिअरच्या वादाच्या कितीतरी आधीपासून कामाला होती. हार्लेच्या मोठ्या गाड्यांवर पायाचा गिअर आणि हाताचा क्लच १९५२ मध्ये आला. तेव्हाही जुन्या चालकांसाठी हाताच्या गिअरचा पर्याय कंपनीने चालू ठेवला. तिची तीनचाकी सर्व्ही-कार तर १९७३ पर्यंत हाताच्या गिअरनेच धावली.

७/२४
मग केवळ चवड्याचा लिव्हर आला कोठून? शर्यतीच्या मैदानातून. पायाने गिअर बदलण्यातली जुनी अडचण अशी होती की प्रत्येक गिअरसाठी लिव्हरची जागा वेगळी असे. पाय नेमका तिथेच थांबला पाहिजे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या वेलोसेट कंपनीतील हॅरल्ड विलिस याने यावर तोड काढली. एका ठोक्याला एकच गिअर बदलायचा आणि लिव्हर स्प्रिंगच्या जोरावर पुन्हा मधल्या जागी यायचा. पायाला जागा शोधण्याची गरज उरली नाही. एक दाब किंवा एक उचल पुरे झाली.

८/२४
विलिसची ही युक्ती मोटारसायकलच्या इतिहासातील मोठी पायरी आहे आणि आजच्या जवळपास प्रत्येक गिअरच्या दुचाकीत तिचे तत्त्व जिवंत आहे. पण ती ज्या शरीरासाठी घडली ते शरीर ध्यानात घ्यावे. शर्यतीतला चालक टाकीवर पालथा पडलेला असतो, पाय मागे दुमडलेला, जाड कातडी बूट घातलेला, तळपाय पायदांडीवर चवड्याने टेकलेला. टाच हवेत असते. अशा स्थितीत टाचेचे टोक निरुपयोगी, म्हणून ते नव्हते. चवड्याची ‘शुद्धता’ ही मुळात एका बैठकीची गरज होती.

९/२४
एका मैदानाची गरज सगळ्या रस्त्यांचा नियम कशी झाली, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे. शर्यत जिंकणारी गाडी विकली जाते; तिची नक्कल होते; तिच्यावरचे प्रत्येक टोक प्रतिष्ठेचे होते. मात्र त्याच काळात इतर देशांतील अभियंते रोजच्या चालकाचा विचार करून वेगळे निष्कर्ष काढत होते आणि ते निष्कर्ष कुणी मागास मानले नव्हते.

१०/२४
इटलीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. मोटो गुझीची १९५० मध्ये आलेली फाल्कोने ही ५०० सीसीची भारदस्त गाडी इटलीच्या पोलिसांनी आणि सैन्यानेही वापरली. तिचा गिअर उजव्या पायाला, झुलता, टाच-चवड्याचा. मोटारसायकलच्या सौंदर्यदृष्टीचे माहेरघर म्हणून ज्या देशाचे गोडवे गायले जातात, त्या देशाला मागचे टोक कुरूप वाटले नाही.

११/२४
चेकोस्लोव्हाकियातील जावाने तर लिव्हरवर आणखी कामे सोपवली. डाव्या बाजूचा एकच लिव्हर फिरवून किक मारायची, तोच परत खाली आणून गिअर बदलायचा, आणि तो दाबताच क्लच आपोआप सुटे. हीच रचना १९६० च्या दशकात म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून भारतात पसरली आणि १९७३ पासून येझ्दी या नावाने नांदली. आज जुन्या जावा-येझ्दीला देव्हाऱ्यात बसवणारे लोकच पायाच्या लिव्हरमधील सोयीला हसतात, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

१२/२४
जपानमध्ये १९५८ साली होंडाची सुपर कब आली. तिची आखणी करताना डोळ्यांसमोर होता सोबा शेवयांची थाळी एका हातावर तोलून घरोघर पोहोचवणारा पोऱ्या. म्हणून डाव्या हाताचा क्लच काढून टाकला आणि गिअर पायपट्टीवर आणला: पुढे चवडा, मागे टाच. २०१७ मध्ये या मालिकेचे उत्पादन १० कोटींवर गेले. जगात सर्वाधिक घडवल्या गेलेल्या मोटारवाहनाचा गिअर टाच-चवड्याचा आहे. याला अपवाद म्हणणाऱ्याने नियम कशाला म्हणायचे ते आधी ठरवावे.

१३/२४
आता डाव्या-उजव्याची गोष्ट. इंग्रजी गाड्यांचा गिअर सहसा उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. जपानी गाड्यांचा बहुधा उलट. गाडी बदलणारा चालक घाईच्या क्षणी ब्रेकऐवजी गिअरवर पाय ठेवणार, हे उघड होते. अमेरिकेच्या केंद्रीय सुरक्षा मानक क्रमांक १२३ ने १ सप्टेंबर १९७४ पासून हा घोळ मिटवला: गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या. चवडा वर उचलला की वरचा गिअर, खाली दाबला की खालचा, हेही त्यातच ठरले. आणि सर्वांत वरच्या गिअरवरून थेट सर्वांत खालच्यावर जाता येऊ नये, हेही.

१४/२४
ज्याला आज ‘नैसर्गिक’ म्हटले जाते, ती रचना अशी एका मोठ्या बाजारपेठेच्या कायद्याने पक्की केली. नॉर्टनला १९७५ च्या कमांडो मार्क ३ वर गिअर डावीकडे आणावा लागला. हार्लेच्या स्पोर्टस्टरवर उजवीकडचा दांडा आडव्या जोडणीने पलीकडे नेण्याची कसरत करावी लागली. विशेष म्हणजे या मानकाने चवड्याची दिशा ठरवली, टाचेला बंदी घातली नाही. दुहेरी लिव्हर त्या कायद्यातही सुखाने बसला.

१५/२४
इथे दुसऱ्या बाजूच्या भक्तांचाही हिशेब व्हायला हवा. भारतात बुलेटचा गिअर दीर्घकाळ उजव्या पायाला राहिला: पहिला वर, बाकीचे तीन खाली. ‘खरी बुलेट ती उजव्या गिअरची, ती चालवायला मर्द लागतो’ ही त्यातून जन्मलेली दंतकथा. वस्तुस्थिती साधी आहे. १९५५ नंतर मद्रासमध्ये इंग्रजी रचनेची गाडी बनू लागली, इंग्लंडमधील मूळ कारखाना बंद पडला, अमेरिकी कायदा इथे लागू नव्हता, आणि साचे बदलण्याचे कारण कित्येक वर्षे पडले नाही. गोठलेल्या साच्याला पौरुष चिकटवले गेले, एवढेच.

१६/२४
त्या दंतकथेला एक गमतीचा तळटप्पाही आहे. त्याच जुन्या बुलेटच्या गिअरपेटीवर न्यूट्रल शोधण्यासाठी वेगळा छोटा लिव्हर असे. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधून तो एकदा दाबला की गाडी थेट न्यूट्रलमध्ये. सिग्नलवर क्लच धरून झगडणाऱ्याला त्याचे मोल विचारावे. आणि तो दाबायचा कशाने? बहुतेक जण टाचेने. मर्दानी गाडीची सर्वांत लाडकी सोय टाचेखालीच होती.

१७/२४
भारतातील ‘दूधवाल्याचा गिअर’ घरोघर पोहोचला तो १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० पासून आणि १९९४ च्या स्प्लेंडरमुळे. तोवर मध्यमवर्गाचे वाहन होते स्कूटर. पुण्याजवळच्या आकुर्डीतून निघणाऱ्या बजाज चेतकचा गिअर डाव्या मुठीत असे; मूठ पिळायची, पायाला फक्त ब्रेक. स्कूटर सोडून मोटारसायकलकडे वळलेल्या कारकुनाला, शिक्षकाला, शेतकऱ्याला पायाने गिअर टाकण्याची सवयच नव्हती. सुपर कबच्या घराण्यातून आलेल्या त्या रचनेत चवड्याने दाबले की पुढचा, टाचेने दाबले की मागचा. दोन्ही वेळा दाबायचेच, उचलणे नाही.

१८/२४
आणि पायात काय होते, हेही पाहावे. कोल्हापुरी वहाण, रबरी चप्पल, पावसाळी सँडल, क्वचित शाळेत जाताना घालायचे एकुलते एक काळे बूट. चपलेतल्या उघड्या बोटांनी लोखंडी लिव्हर दिवसातून शंभर वेळा वर उचलून पाहिला की टाचेची किंमत कळते: अंगठ्याची कातडी सोलते, बुटावर काळा ओरखडा कायमचा बसतो, अंगठ्याचा पट्टा तुटतो. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून पहाटे चारला चिखलातून निघालेल्या माणसाने टाच वापरली, ती कौशल्य नव्हते म्हणून नव्हे. त्याला रोज पोहोचायचे होते.

१९/२४
तिसरे विधान जगभरातल्या लांब पल्ल्याच्या चालकांविषयीचे. हार्लेच्या टूरिंग गाड्यांवर पायदांडीऐवजी रुंद फूटबोर्ड असतो आणि त्याला जोडून टाच-चवड्याचा लिव्हर. कारण सरळ आहे: अख्खा तळपाय फळीवर टेकलेला असताना चवडा लिव्हरखाली सरकवायचा तर दरवेळी पाय उचलावा लागतो, टाच दाबायला फक्त घोटा हलवावा लागतो. तिथे दिशा मात्र स्प्लेंडरच्या उलट. चवड्याने दाबले की खालचा गिअर, टाचेने दाबले की वरचा.

२०/२४
भारतात लाखो रुपये मोजून घेतली जाणारी ती अवजड टूरिंग गाडी आणि गावातली स्प्लेंडर, दोहोंच्या लिव्हरला मागचे टोक आहे. एकीवर ते ‘क्लासिक’ ठरते, दुसरीवर ‘दूधवाल्याचे’. लोखंड तेच, तरफ तीच, टाच तीच. फरक फक्त लिव्हरवर ठेवलेल्या पायाच्या ऐपतीचा. ही हेटाळणी तंत्राविषयी कधीच नव्हती, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधण्याची गरज नाही.

२१/२४
टाचेच्या विरोधात खरी कारणेही आहेत आणि ती मान्य करायला हवीत. अमेरिकेतही टूरिंग गाडीवरून मागचे टोक काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. लांबच्या प्रवासात गुडघा आखडू नये म्हणून पाय फळीवर मागे-पुढे सरकवावा लागतो आणि मागचे टोक त्या आड येते. मोठ्या मापाच्या बुटाला दोन टोकांमधली जागा अपुरी पडते. खडकाळ वाटेवर पायदांडीवर उभे राहून चालवताना टाचेचा उपयोग नसतो. पाय मागे नेणाऱ्या स्पोर्ट्‌स गाडीवर तर त्या टोकाला जागाच नाही. हे सारे आक्षेप बैठकीचे आणि वाटेचे आहेत. दर्जाचे नाहीत.

२२/२४
एकाच कंपनीच्या दोन गाड्या हे स्पष्ट करतात. रॉयल एनफिल्डची २०१६ ची हिमालयन चवड्याच्या लिव्हरची, २०२० ची मिटिऑर टाच-चवड्याची. दोन्ही लांबच्या प्रवासासाठीच घेतल्या जातात. पहिलीवर माणूस दगडधोंड्यांत उभा राहतो, दुसरीवर पाय पुढे टाकून निवांत बसतो. आखणाऱ्यांनी पायाची जागा पाहिली आणि लिव्हर ठरवला. श्रेष्ठ-कनिष्ठाची उतरंड मागाहून, पाहणाऱ्यांनी रचली.

२३/२४
या उतरंडीचा सर्वांत मोठा तोटा असा की जो प्रश्न विचारायला हवा तो बाजूला पडतो. टाच असावी की नसावी, याने कोणाचा जीव जात नाही. दिशेने जाऊ शकतो. स्प्लेंडरवर वाढलेला मुलगा चवड्याने दाबून पुढचा गिअर टाकायला शिकतो. तोच मुलगा पहिला खाली, बाकीचे वर अशा गाडीवर बसून वेगात सवयीने चवडा दाबतो, तेव्हा गाडी खालच्या गिअरमध्ये आदळते आणि ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरू शकते. पाय गोंधळले की काय होते, हे ओळखून १९७४ चा नियम आला होता. वाद घालायचाच तर त्यावर घालावा. मित्राची गाडी मागून घेताना तिचा लिव्हर कोणत्या टोकाचा आहे हे कोणी विचारले नाही तरी चालेल. ‘गिअर कसे पडतात’ हे विचारलेच पाहिजे.

२४/२४
विजेत्याच्या नजरेतून लिहिलेला इतिहास केवळ राजांच्या बखरींत सापडतो असे नाही. तो गाडीच्या लिव्हरवरही सापडतो. मैदानावर जिंकलेल्या पायाने स्वतःची गरज सर्वांचा आदर्श म्हणून मांडली आणि रोज राबणाऱ्या पायाची युक्ती चेष्टेचा विषय झाली. स्कॉटची झुलती पट्टी, मांदेल्लोची फाल्कोने, शेवया पोहोचवणाऱ्या पोऱ्याची सुपर कब आणि पहाटेच्या दुधाची स्प्लेंडर ही एकाच वंशावळीची नावे आहेत. ते मागचे टोक ज्याला अडचणीचे होते त्याने खुशाल काढावे. काढताना ते दूधवाल्याचे म्हणून काढू नये. त्या टोकाची कुळी शर्यतीच्या लिव्हरहून जुनी आहे.